रिमोट सेन्स लावूनही लोडवर व्होल्टेज पडतं, तेव्हा काय तपासावं

बेंच सप्लायच्या डिस्प्लेवर ५.०० दिसतं आणि बोर्डाच्या पिनांवर मीटर टेकवला की ४.६१. लोड कमी असेपर्यंत बोर्ड नीट चालतो, काम वाढलं की रीसेट होतो. मग कोणीतरी सप्लायचा नॉब ५.४ वर नेऊन ठेवतो, चार दिवस बरे जातात आणि तीच तक्रार परत हजर. हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या टेस्टिंग बेंचवर आणि नागपुरातल्या कॉलेजांच्या प्रोजेक्ट लॅबमध्ये ही तक्रार मी सतत ऐकतो. तिचा इलाज रिमोट सेन्स, म्हणजे दोन वेगळ्या बारीक तारा लोडपर्यंत नेऊन सप्लायला तिथलं व्होल्टेज दाखवणं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी अडचण पुढे सुरू होते. रिमोट सेन्स लावूनही व्होल्टेज पडतंच, किंवा त्याच्या जागी नवीन दुखणं येतं: लोड दिला की सप्लाय ट्रिप होतो, शेवटचा आकडा नाचत राहतो, आतून बारीक शिट्टी येते. ही पोस्ट मुख्यतः त्या पुढच्या दुखण्यांसाठी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सेन्सच्या दोन तारा मीटरच्या प्रोबसारख्या दिसतात, म्हणून आपण त्यांना तसंच वागवतो. कुठेही क्लिपने अडकवतो, चालू सप्लायवर लावतो-काढतो. पण सप्लाय त्याच तारांकडे बघून आपलं आउटपुट क्षणाक्षणाला ठरवत असतो. त्या लावल्या की रेग्युलेटरचा फीडबॅक डब्याबाहेर येतो, आणि तुमची वायर, तुमचा लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा), तुमच्या बोर्डावरचे कॅपॅसिटर हे सगळं सप्लायचाच भाग होतं. हे एकदा डोक्यात बसलं की खालचे जवळपास सगळे दोष आपोआप समजतात.

आधी तूट कुठे जाते ते बघा

सेन्सला हात लावण्याआधी साध्या जोडणीत, म्हणजे लोकल सेन्सवर (सप्लाय स्वतःच्याच टर्मिनलवरचं व्होल्टेज बघतो तेव्हा), पूर्ण लोड देऊन मोजमाप घ्या. पहिलं सप्लायच्या टर्मिनलवर. दुसरं लोडच्या पिनांवर. मग मीटरचा एक प्रोब सप्लायच्या प्लसवर आणि दुसरा लोडच्या प्लसवर: ही प्लस तारेतली तूट. तसंच मायनसचं. दोन्ही तुटींची बेरीज आणि पहिल्या दोन मोजमापांतला फरक जुळलाच पाहिजे. जुळत नसेल तर प्रोब नक्की कुठे टेकतोय ते बघा. केळी प्लगच्या धातूवर टेकवणं वेगळं आणि त्याच प्लगमध्ये आवळलेल्या तारेवर टेकवणं वेगळं.

एक हिशेब करून बघू. एक स्क्वेअर एमएमच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १९.५ मिलिओहम. सप्लायपासून लोड दोन मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर तार, म्हणजे ७८ मिलिओहम. ४ अँपिअरला ०.३१ व्होल्ट तारेतच गेले. शिवाय दोन्ही टोकांचे मिळून चार जोड. प्रत्येकी ५ मिलिओहम धरले तर आणखी ०.०८ व्होल्ट. म्हणजे ५ चे ४.६१ झाले. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड आपली कमी व्होल्टेजची सूचना ४.६३ च्या आसपास देतो, त्यामुळे बोर्ड बरोबर अशाच जागी अडखळतो जिथे कधी चालेल आणि कधी नाही हे सांगता येत नाही.

मे महिन्यात यावर हमखास एक वाक्य ऐकू येतं: "सकाळी बरोबर चालते सर, दुपारी गडबड करून राहिली." आणि खापर उन्हावर फुटतं. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो हे खरं आहे, अंशाला सुमारे ०.३९ टक्के. पण हिशेब करा. सकाळी खोलीत ३० अंश आणि दुपारी ४५ अंश धरले तर वरच्या उदाहरणात तारेतली तूट जेमतेम १८ मिलिव्होल्टने वाढते. काठावर असलेल्या बोर्डाला तेवढंही पुरतं, पण दोनशे मिलिव्होल्टचा फरक दिसत असेल तर तो उन्हाचा नाही. तो जोडांचा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात लॅबमध्ये कूलर चालतो, दिवसभर ओलसर हवा फिरते, पितळी टर्मिनल आणि प्लग काळपट पडतात. मीटर प्लसच्या तुटीवर लावून ठेवा आणि भरल्या लोडवर केळी प्लग जागच्या जागी अर्धा फेरा फिरवा. आकडा उडी मारून खाली येत असेल तर चोर सापडला. प्लगची स्प्रिंग सैल झाली असेल तर तो फेकून द्या, पॉलिश पेपर मारून दोन दिवसांपुरती सुटका होते. मी चार अँपिअरच्या वर केळी प्लग वापरतच नाही, मागच्या बाजूच्या स्क्रू टर्मिनलवर लग क्रिम्प करून घट्ट आवळतो.

तारेबद्दलही एक सांगतो. नागपुरात बर्डीच्या बाजारात किंवा कुठेही स्वस्तात मिळणाऱ्या तारेत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असू शकतं. दिसायला तांबंच, पण हातात घेतली की हलकी लागते. ब्लेडने एक बारीक तार खरवडा, आतून पांढरी चमक दिसली तर ती परत करा. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे वरचा सगळा हिशेब बिघडला. आणि तार चांगली असेल तर जाड घ्या. अडीच स्क्वेअर एमएमची तार मीटरला सुमारे ८ मिलिओहम, चार मीटरला ३२. तूट ०.३१ वरून ०.१३ वर येते. कितीतरी ठिकाणी एवढ्यावरच काम भागतं. आधी तार सुधारा, मग सेन्स लावा, हा क्रम मी कधी सोडत नाही, आणि त्याची कारणं पुढे येतीलच.

नॉब वाढवून ठेवण्याबद्दल मात्र माझं मत कडक आहे. ४ अँपिअरला ०.३९ ची तूट आहे म्हणून सप्लाय ५.३९ वर ठेवला, आणि बोर्ड झोपेत जाऊन ०.२ अँपिअर घेऊ लागला, की तूट उरते ०.०२ आणि बोर्डावर पडतात ५.३७. पाच व्होल्टच्या लॉजिकला ५.२५ ची मर्यादा असते. बोर्ड त्याच क्षणी जळणार नाही, पण तुम्ही टेस्ट करताय की त्याचं आयुष्य खाताय, हे ठरवावं लागेल. सेन्स याचसाठी आहे: लोड बदलला की सप्लाय स्वतः कमी-जास्त होतो.

जोडणी, क्रमासकट

मागच्या बाजूला सहसा चार टर्मिनल असतात: प्लस, मायनस, सेन्स प्लस, सेन्स मायनस. कारखान्यातून येताना प्लस आणि सेन्स प्लस एका छोट्या धातूच्या पट्टीने जोडलेले असतात, मायनसकडेही तसंच. सप्लाय बंद करा, पट्ट्या काढा. आधी पॉवरच्या दोन जाड तारा लोडपर्यंत नेऊन पक्क्या करा. त्यानंतरच सेन्सच्या तारा. काढताना उलट: आधी सेन्स, मग पॉवर. हा क्रम पुस्तकी वाटतो, पण पॉवरची मायनस तार सुटलेली आणि सेन्स मायनस लागलेली अशी स्थिती आली तर लोडचा सगळा करंट सेन्सच्या बारीक वाटेने परत जायला बघतो. सप्लायच्या आत सेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये असलेले संरक्षक रोध त्यासाठी बनलेले नसतात. ते एकदा भाजले की सप्लाय चालू राहतो, मात्र साध्या लोकल जोडणीतही त्याचं व्होल्टेज विश्वासाचं राहत नाही. असा सप्लाय बेंचवर महिनोन्महिने पडून असतो आणि कोणाला कळत नाही.

सेन्सच्या तारांना जाडी लागत नाही. त्यातून जाणारा करंट मिलिअँपिअरच्या घरात. अर्धा स्क्वेअर एमएमची दोन मीटर तार ७८ मिलिओहमची, एक मिलिअँपिअरला त्यात ७८ मायक्रोव्होल्ट जातात. चिंता नाही. पण खराब क्लिपमुळे जोडाचाच रोध १० ओहम झाला तर तिथे थेट १० मिलिव्होल्टची चूक बसते. म्हणून सेन्सला जाडी नको, जोड मात्र उत्तम हवा. दोन्ही सेन्स तारांना एकमेकींभोवती पीळ घाला, पॉवरच्या दोन तारांना वेगळा पीळ घाला आणि या दोन जोड्या एकमेकींत गुंतवू नका.

सेन्स नक्की कुठे टेकवायचा? जिथलं व्होल्टेज तुम्हाला बरोबर हवं आहे तिथे. हे वाक्य सोपं आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पॉवरच्या केबलला लावलेल्या क्रोकोडाइल क्लिपच्या शेपटीवर सेन्स अडकवला तर क्लिपच्या दातांमधली तूट फीडबॅकच्या बाहेर राहिली. सेन्सची तार बोर्डाच्या इनपुट कनेक्टरच्या पॅडवर स्वतंत्र सोल्डर करा, किंवा केल्व्हिन क्लिप वापरा, ज्यात एक जबडा पॉवरचा आणि दुसरा सेन्सचा असतो आणि दोन्ही एकमेकांपासून इन्सुलेटेड असतात. एकाच सप्लायवर दोन-तीन बोर्ड असतील तर जिथून तारा फुटतात त्या वाटपाच्या जागी सेन्स लावा. एका बोर्डावर लावला तर तो सुखी आणि बाकीचे त्याच्या लोडप्रमाणे वर-खाली.

चालू केल्यावर आधी कमी लोडवर बघा, मग पूर्ण लोडवर. पूर्ण लोडला सप्लायच्या टर्मिनलवर ५.३९ आणि लोडवर ५.०० दिसलं तर सगळं बरोबर आहे. डिस्प्ले आता लोडचं व्होल्टेज दाखवतो. टर्मिनलवर मीटर लावून "सप्लाय जास्त देऊन राहिला" म्हणत तो दुरुस्तीला पाठवणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

सेन्स लावला, तरी व्होल्टेज पडतंच

मला फोनवर येणारा नेहमीचा प्रश्न: "दादा, सेन्स लावला तरी व्होल्टेज पडूनच राहिलं ना!" आणि माझा पहिला प्रश्न तितकाच ठरलेला: "मागच्या पट्ट्या काढल्या का भाऊ?"

पट्ट्या राहिल्या तर सेन्सच्या तारा पॉवरच्या तारांना समांतर जोडल्या जातात. आपल्या उदाहरणात दोन मीटरची पॉवर तार ३९ मिलिओहमची आणि सेन्सची ७८ ची, म्हणजे एक तृतीयांश करंट, सुमारे १.३ अँपिअर, सेन्समधून वाहतो. फसवणूक अशी की एकूण रोध कमी झाल्यामुळे लोडवरचं व्होल्टेज थोडं वाढतं, ४.६१ चं ४.७ च्या आसपास जातं, आणि माणसाला वाटतं सेन्स काम करतोय, फक्त पूर्ण करत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. टर्मिनलवर अजूनही ५.०० च आहे का ते मोजा, आणि सेन्सच्या तारेला हात लावून बघा. ती कोमट लागता कामा नये. काही नव्या सप्लायमध्ये पट्ट्या नसतात, लोकल की रिमोट हे मेनूतून निवडायचं असतं. तिथे मेनू लोकलवर राहिला तर मागच्या सेन्स टर्मिनलकडे सप्लाय बघतच नाही.

दुसरी शक्यता: तूट निम्मीच भरून निघते. लोडवर ४.८ च्या आसपास अडकतं. इथे एक सेन्स तार तुटलेली असण्याचा संशय घ्या. बऱ्याच सप्लायमध्ये सेन्स आणि आउटपुट टर्मिनलच्या मध्ये आतून संरक्षक रोध असतो, म्हणजे सेन्सची तार निघाली तर सप्लाय बेफाम न होता गुपचूप त्या बाजूपुरता लोकलवर परत जातो. संरक्षण म्हणून हे उत्तम, पण दोष लपतो. मीटर आधी सप्लायच्या दोन सेन्स टर्मिनलवर लावा, मग लोडवर. दोन्ही आकडे काही मिलिव्होल्टच्या आत जुळले पाहिजेत. सेन्स टर्मिनलवर ५.०० आणि लोडवर ४.८ आलं, तर मधली तार किंवा जोड गेला. मीटर लोडवर तसाच ठेवून तार ठिकठिकाणी हलवा. बहुतेक वेळा ती लगच्या मानेपाशी, इन्सुलेशनच्या आत तुटलेली असते, बाहेरून धडधाकट. सप्लाय बंद करून, दोन्ही टोकं सोडवून कंटिन्युइटी तपासली की खात्री होते.

आतून रोध नसलेल्या सप्लायमध्ये हीच चूक महाग पडते. सेन्स सुटला की सप्लायला शून्य दिसतं आणि तो आउटपुट चढवत नेतो, थेट कमाल मर्यादेपर्यंत. प्लस-मायनसची अदलाबदल झाली तरी तेच. म्हणून सेन्सची नवी जोडणी पहिल्यांदा चालू करताना खरा बोर्ड नको, पॉवर रेझिस्टर लावा आणि ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन (व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेवर गेलं की सप्लाय बंद करणारी सोय) खाली आणून ठेवा.

तिसरी गोष्ट अगदी साधी, तरी विसरली जाते: सप्लाय करंट लिमिटमध्ये गेला असेल तर सेन्स काहीच करू शकत नाही. सीसीचा, म्हणजे करंट लिमिट लागल्याचा, दिवा बघा. तसंच सप्लाय किती तूट भरून काढेल यालाही मर्यादा असते. मॅन्युअलमध्ये प्रत्येक तारेमागे अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट असे आकडे दिलेले असतात. आणि ३० व्होल्टच्या सप्लायकडून लोडवर पूर्ण ३० मागितले तर टर्मिनलवर तीसच्या वर जायला तो कुठून आणणार?

लोड दिला की ट्रिप होतो

हा दोष दिसला की आधी प्रोटेक्शनची सेटिंग बघा. पुष्कळ सप्लायमध्ये ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन टर्मिनलवरचं व्होल्टेज बघतं, सेन्सचं नाही. ते ५.३ वर ठेवलं असेल, तर ४ अँपिअरला टर्मिनल ५.३९ वर जाताच सप्लाय बंद पडणार. रिकाम्या लोडवर चालतो आणि भरल्यावर जातो, याचं कोडं इथे सुटतं. प्रोटेक्शन तुटीएवढं वर न्यावं लागतं, थोडी जागा ठेवून, म्हणजे ५.६ ते ५.७. पण मग लोड कमी असताना काही बिघडलं तर बोर्डावर जवळपास तेवढेच व्होल्ट येऊ शकतात. म्हणून मी जाड तारेचा आग्रह धरतो. तूट ०.१३ असेल तर प्रोटेक्शन ५.४ च्या आसपास ठेवून चालतं आणि बोर्डही सुरक्षित राहतो. तुमचा सप्लाय कुठलं व्होल्टेज बघतो ते मॅन्युअलमध्ये वाचून घ्या, सगळे सारखे नसतात.

रिले, स्विच किंवा फ्यूज मध्ये असेल तर विशेष जपा. सेन्स रिलेच्या पलीकडे, लोडच्या बाजूला लावला आणि रिले उघडला, की लोड सेन्सला शून्याकडे ओढतो. सप्लाय आपला जोर लावून वर चढतो. प्रोटेक्शनने त्याला पकडलं तर तुम्हाला "विनाकारण ट्रिप" दिसतो. पकडलं नाही तर रिलेचा संपर्क पुन्हा जुळताच चढलेलं सगळं व्होल्टेज बोर्डावर कोसळतं. सेन्स रिलेच्या अलीकडे घ्या आणि रिलेच्या संपर्कातली तूट सहन करा, किंवा रिलेच्या जादा कॉन्टॅक्टमधून सेन्सही सोबतच तोडा-जोडा आणि तुटल्यावर तो लोकलवर जाईल अशी सोय करा.

आकडा नाचतो, शिट्टी येते

हा सगळ्यात चिवट प्रकार, आणि मीटरवर तो धड दिसतही नाही. डीसीवर ५.०२ वगैरे येतं, शेवटचा अंक स्थिर नसतो. मीटर एसी मिलिव्होल्टवर लावा. तिथे दहा-वीस किंवा जास्त मिलिव्होल्ट आले, तर स्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) आणाच. स्कोपवर किलोहर्ट्झच्या घरातली लाट दिसली म्हणजे सप्लाय ऑसिलेट होतोय, स्वतःच वर-खाली झुलतोय.

का होतो ते समजून घेण्यासारखं आहे. तारेला रोधाबरोबर इंडक्टन्सही असतो, सुट्या तारेला मीटरला ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री. चार मीटर तारा दूर दूर पसरलेल्या असतील तर चार मायक्रोहेन्री. बोर्डाच्या इनपुटला १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असेल, तर या दोघांची जोडी सुमारे अडीच किलोहर्ट्झला झुलते. रेग्युलेटरला आपल्या आउटपुटमधला बदल सेन्सवर लगेच दिसायला हवा असतो. आता तो बदल आधी तारेच्या इंडक्टन्समधून, मग कॅपॅसिटरमधून, उशिरा पोहोचतो. सप्लाय जुनी माहिती बघून दुरुस्ती करत राहतो: व्होल्टेज वर असताना अजून वर ढकलतो, खाली असताना अजून खाली.

म्हणून पहिला उपाय पिळाचा. पॉवरच्या दोन तारांना चांगला घट्ट पीळ घातला की इंडक्टन्स निम्म्याहून खाली येतो. तारा लहान करता आल्या तर आणखी चांगलं. बेंचवर उरलेल्या तारेची वेटोळी करून ठेवायची सवय असते, ती वेटोळी म्हणजे आयती कॉइल. कापून टाका. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

न मिटल्यास लोडच्या कॅपॅसिटरकडे बघा. साध्या इलेक्ट्रोलिटिकचा अंतर्गत रोध इथे आपल्या कामाचा आहे. चार मायक्रोहेन्री आणि हजार मायक्रोफॅरडच्या जोडीचा स्वभावरोध (कॅरॅक्टरिस्टिक इम्पीडन्स) सुमारे ६३ मिलिओहम येतो, आणि कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध त्याच्या आसपास असेल तर झुलणं आपोआप शमतं. पॉलिमर किंवा सिरॅमिक कॅपॅसिटरचा रोध जेमतेम काही मिलिओहम, तो शमवत नाही. त्यामुळे जुना बोर्ड ठीक चालतो आणि "चांगले" कॅपॅसिटर लावलेला नवा बोर्ड जोडताच शिट्टी सुरू होते. बोर्डाला समांतर एक साधा मोठा इलेक्ट्रोलिटिक लावून बघा.

तरीही राहिलं तर एक नुस्खा आहे, पण तो अर्धवट केला जातो. सप्लायपाशी सेन्स प्लस आणि प्लस यांच्यात कॅपॅसिटर लावायचा, मायनसकडेही तसाच, म्हणजे जलद बदल सप्लायला जागेवरच दिसतील आणि संथ डीसी तूट लोडवरून दिसेल. कल्पना बरोबर आहे. पण सेन्सची तार ७८ मिलिओहमची आणि १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर अडीच किलोहर्ट्झला सहा ओहमहून जास्त, मग सप्लाय कॅपॅसिटरचं का ऐकेल? सेन्सच्या प्रत्येक तारेत मालिकेत १० ओहमचा रोध टाकावा लागतो, आणि कॅपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडच्या आसपास, म्हणजे सुमारे ३४० हर्ट्झच्या वर ताबा स्थानिक वाटेकडे जातो. किंमत म्हणून सेन्सच्या प्रत्येक मिलिअँपिअरमागे एका तारेत १० मिलिव्होल्टची चूक येते, ती लोडवर मोजून सेटिंगमध्ये दुरुस्त करा. इलेक्ट्रोलिटिक वापरत असाल तर दिशा नीट बघा: प्लसकडे सप्लायचं टर्मिनल सेन्सपेक्षा वर असतं, म्हणून कॅपॅसिटरचं प्लस टोक आउटपुट प्लसकडे. मायनसकडे उलट, तिथे सेन्स मायनस वर असतो. कॅपॅसिटरचं प्लस टोक सेन्स मायनसला. मला विचाराल तर इथे नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, घ्या आणि निश्चिंत राहा. मॅन्युअलमध्ये निर्मात्याने वेगळी किंमत दिली असेल तर तीच वापरा.

स्कोप लावताना एक गोष्ट बघा. स्कोपची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते. सप्लायचा मायनसही मागच्या पट्टीने अर्थला जोडलेला असेल, तर लोडच्या मायनसवर क्लिप लावताच परतीच्या करंटला अर्थिंगमधून दुसरी वाट मिळते. मोजमाप बदलतं, ५० हर्ट्झची कुरकुर घुसते आणि नसलेला दोष दिसू लागतो. अर्थ एकाच जागी असू द्या, शक्यतो लोडपाशी.

झटक्याने करंट घेणारे लोड

जीएसएम मोडेम असलेले ट्रॅकर किंवा मीटर टेस्ट करणाऱ्यांसाठी हे खास. टूजी मोडेम दर ४.६ मिलिसेकंदांनी सुमारे ०.५८ मिलिसेकंदाचा झटका देतो, त्यात करंट दोन अँपिअरपर्यंत जातो. रिमोट सेन्सकडून या झटक्याची तूट भरून काढायची अपेक्षा ठेवू नका. तारेचा इंडक्टन्स आणि फीडबॅकच्या लूपचा वेग दोन्ही आड येतात, आणि कधी कधी झटका संपल्यावर उलट वरच्या बाजूला टोक दिसतं. इथे उत्तर मोडेमच्या पिनांपाशी लावलेल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये आहे. सेन्स सरासरी व्होल्टेज सांभाळेल, झटका कॅपॅसिटर सांभाळेल.

ज्यांच्या सप्लायला सेन्स टर्मिनलच नाहीत, त्यांनी डबा उघडून फीडबॅकची वाट तोडण्याच्या भानगडीत पडू नये. लोडपाशी छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारा) ठेवा आणि सप्लायवरून १२ व्होल्ट आणा. बोर्डाला ५ व्होल्टला ४ अँपिअर लागत असतील तर १२ व्होल्टच्या तारेतून, कन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी, १.९ अँपिअरच्या आत करंट जातो. तारेतली तूट निम्म्याहून कमी होते आणि जी उरते ती कन्व्हर्टर पचवतो.

काम संपल्यावर सप्लाय बंद करून सेन्सच्या तारा आधी काढा, मग पॉवरच्या, आणि मागच्या दोन्ही पट्ट्या परत लावून स्क्रू आवळा. प्रोटेक्शनही वर नेलं असेल तर खाली आणा. पट्ट्या काढलेला सप्लाय तसाच कपाटात गेला, तर पुढे ज्याच्या हाती येईल तो समोरच्या टर्मिनलवर बोर्ड जोडेल, आणि आत संरक्षक रोध नसतील तर त्या बोर्डावर किती व्होल्ट येतील याचा भरवसा नाही. आमच्या बेंचवर अशा सप्लायच्या हँडलला पट्ट्या एका छोट्या पिशवीत बांधलेल्या असतात, आणि पिशवी रिकामी असल्याशिवाय सप्लाय कपाटात जात नाही.